नावाच्या रकान्यातले हुकूम

आमच्या ऑफिसात किस्से साठतात त्याला एक कारण आहे. गिऱ्हाईकाचं काम हातात घेताना आम्ही लिहून देतो, की तुमच्यात जे काही सापडेल ते बाहेर सांगणार नाही. मग रिपोर्ट जातो कपाटात, आणि त्या रिपोर्टमागची माणसं राहतात आमच्या डोक्यात. चहाला बसलो की एकेक किस्सा बाहेर येतो. आज तुम्ही बसलाच आहात तर सांगते, फक्त नावं बदलून आणि गावं थोडी इकडची तिकडं करून.

आधी काम काय ते सांगते, म्हणजे पुढं अडायला नको. वेबसाईटवर तुमचं नाव लिहायला एक रकाना असतो. एखादा तिथं नाव लिहीतच नाही, मशीनला कळेल असा हुकूम लिहितो. मशीन भोळं असलं तर तो हुकूम पाळून मोकळं होतं. सगळ्यांची माहिती दाखव म्हटलं की दाखवतं, पुसून टाक म्हटलं की पुसतं. याला कोड इंजेक्शन म्हणतात. हल्ली डेअरीतल्या यंत्रात, शेतातल्या मोटरीच्या पेटीतसुद्धा छोटा कॉम्प्युटर असतो, त्यामुळं तिथंही हेच होतं. कुणी असा हुकूम घुसवतंय का ते ओळखायचं, आणि घुसायला कुठं भोक आहे ते आधीच शोधायचं, एवढंच आमचं काम.

आम्ही तिघं. पाटील सर मुख्य, आधी पॉलिटेक्निकला बावीस वर्षं इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. दुसरी रेश्मा, गडहिंग्लजची. मशीन उघडून आतली तार न् तार बघते. मला 'अक्का' म्हणते, आणि आमच्याकडच्या बायका बोलतात तसं 'मी जातो, मी बघतो' म्हणते. तिसरी मी, अनघा. मला कोड कळत नाही. मी रिपोर्ट लिहिते. ऑफिस मंगळवार पेठेत, पिठाच्या गिरणीच्या वर. आमच्या कीबोर्डवर कायम ज्वारीचं पीठ असतं.

*

सुरुवातीच्या दिवसांतला किस्सा. एका फौंड्रीचे मालक, जाधव म्हणू. त्यांना पटतच नव्हतं की त्यांच्या वेबसाईटला काही धोका आहे. "पासवर्ड हाय की ओ," एवढंच पुन्हापुन्हा म्हणत होते.

सरांनी त्यांच्यासमोरच वेबसाईट उघडली आणि पासवर्डच्या जागी अर्धी ओळ टाइप केली. आत शिरले. जाधवांच्या सगळ्या गिऱ्हाइकांची यादी समोर.

जाधव पुढं सरकले. "काय लिवलासा?"

सरांनी सांगितलं, "मी लिहिलं, पासवर्ड बरोबर हाय, किंवा एक बरोबर एक हाय. मशीननं बघितलं, पासवर्ड तर चुकीचा, पण एक बरोबर एक हे खरंच की. दार उघडलं."

"म्हंजे खरं बोलला म्हणून आत सोडला?"

"व्हय."

जाधवांना वेबसाईट उघडी पडल्याचं दुःख नव्हतं, मशीनच्या अकलेचं होतं. "माझ्या गेटवरचा दत्तू असला येडेपणा करत न्हाय," म्हणाले, आणि खरंच दत्तूला वर बोलावून घेतलं. साठीचा माणूस, खाकी शर्ट, हातात गेटवरची वही.

"दत्तू, वहीत नावाच्या जागी कुणी लिवलं, 'मला आत सोडा', तर काय करशील?"

दत्तूनं थोडा विचार केला. "काय करनार साहेब. त्याचं नाव 'मला आत सोडा' हाय, असं समजनार. वहीत लिवल्यालं वाचायचं असतंय. ऐकायचं नसतंय."

सरांनी खिशातून डायरी काढली आणि ते वाक्य उतरवून घेतलं. जिना उतरताना मला म्हणाले, "अनघाताई, हे पोरांना समजवायला मी दोन तास घेत होतो, आणि तरी निम्म्यांना कळायचं न्हाय."

*

दरवेळी शहाणपण आमच्याच बाजूला असतं असं नाही.

एका डोळ्यांच्या दवाखान्याच्या वेबसाईटवर आम्ही पहारा बसवला होता, म्हणजे आत येणारा प्रत्येक फॉर्म तपासणारा एक प्रोग्राम. इंग्रजीत अक्षराच्या डोक्यावर जो छोटा स्वल्पविराम देतात, त्याचा मशीन 'इथं नाव संपलं' असा अर्थ लावू शकतं, आणि त्याच्या पुढं हुकूम चिकटवता येतो. म्हणून आम्ही नियम केला, की ज्या फॉर्ममध्ये ते चिन्ह असेल तो परत पाठवायचा. वर मोठ्या अक्षरांत सूचना, 'आपल्याकडून हल्ल्याचा प्रयत्न झाला आहे', आणि खाली आमच्या ऑफिसचा पत्ता. आम्हाला फार अभिमान होता त्या पाटीचा.

एका सकाळी सत्तरीचे एक गृहस्थ जिना चढून आले. आजऱ्याहून पहिल्या एसटीनं निघालेले. धाप लागलेली, काखेत फाईल.

"ते दवाखान्याच्या कॉम्प्युटरचं दार सांभाळणारे कोण?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "आम्हीच."

"मी डिसोझा. काजूची बाग आहे माझी. मी हल्ला केला नाही हो. बायकोच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख मागितली."

त्यांच्या नावात इंग्रजीत डी, मग डोक्यावर तो छोटा स्वल्पविराम, मग पुढचं नाव. तीन आठवडे ते फॉर्म भरत होते आणि तीन आठवडे आमचा पहारा त्यांना हल्लेखोर ठरवत होता. नेट कॅफेवाल्यानं सुचवलं होतं की ते चिन्ह काढून टाका.

"काढलं असतं," ते म्हणाले. "पण आधारवर आहे, शाळेच्या दाखल्यावर आहे, वडिलांच्या थडग्यावर आहे. कुठंकुठं खोडू?"

सर उठून उभे राहिले. आपली खुर्ची त्यांना दिली, दवाखान्यात स्वतः फोन लावला आणि पुढच्या आठवड्यातली तारीख घेतली. तेवढ्यात रेश्मानं पहाऱ्याचा नियम बदलला. चिन्ह आलं तर अडवायचं नाही, इतर अक्षरांसारखंच एक अक्षर समजून आत घ्यायचं. नियम आधीच असा हवा होता. आम्ही आळस केला होता, बाकी काही नाही.

डिसोझांनी आमच्याच कॉम्प्युटरवर बसून, एका बोटानं, आपलं पूर्ण नाव लिहिलं. फॉर्म गेला.

दोन महिन्यांनी दारात एक बाई. काळा चष्मा, हातात काजूची पिशवी. मी विचारलं, कोण आपण?

"हल्लेखोराची बायको," त्या म्हणाल्या.

*

त्यानंतर आमचा एक छोटा अपमान झाला तोही सांगते.

एका मोठ्या अपार्टमेंटचं तक्रारीचं ॲप आमच्याकडं होतं. एका दुपारी पहाऱ्यानं कळवलं, की एकाच फ्लॅटमधून अर्ध्या तासात अकरा वेळा हल्ला झाला आहे. दरवेळी वेगळ्या पद्धतीनं. खरा हल्लेखोर असाच करतो. एक दार बंद दिसलं की दुसरं चाचपतो. सर एकदम ताठ बसले. "हा शिकलेला गडी हाय," म्हणाले.

रेश्मानं एकेक मजकूर उघडला. पहिला होता, 'टाकीतलं पाणी', मग गणितातलं 'पेक्षा लहान'चं चिन्ह, मग 'गरज'. दुसऱ्यात तेच उलटं करून 'पेक्षा मोठं'चं चिन्ह. पाचव्यात समीकरण. नवव्यात 'समजा, बादल्यांची संख्या क्ष'. प्रत्येकात कुठं ना कुठं त्या दोनांतलं एक चिन्ह होतंच. त्या लहान-मोठ्याच्या चिन्हांनीच वेबसाईटवरचे घुसखोर हुकूम सुरू होतात, म्हणून पहारा प्रत्येक वेळी ओरडत होता. पलीकडं एक रिटायर्ड गणिताचे मास्तर होते. मशीनला कळेना म्हणून ते बिचारे तक्रार जास्त जास्त सोपी करत होते.

बारावा प्रयत्न आमच्या डोळ्यांसमोर आला, आणि पहाऱ्यानं तो मुकाट्यानं आत घेतला. त्यात लिहिलं होतं, 'पाणी नाही.'

*

गारगोटीच्या बाजूच्या एका शाळेची निकालाची वेबसाईट आमच्याकडं तपासायला आली. तीन भोकं निघाली, तिन्ही मोठी. कुणीही घरबसल्या पोरांचे मार्क बदलू शकला असता. मी रिपोर्ट लिहिला, नेहमीसारखा. त्यात एक रकाना असायचा, 'कोड कुणी लिहिला'. तिथं मी विचारून घेऊन नाव घातलं, कांबळे मॅडम.

रिपोर्ट संस्थेच्या सेक्रेटरींकडं गेला आणि त्यांनी मीटिंग लावली. मॅडमना सगळ्यांसमोर जाब विचारायचा ठरला. हे सरांना कळलं तसे ते आदल्या दिवशी सकाळचीच एसटी धरून गेले. मीही गेले, कारण नाव मी लिहिलं होतं.

कांबळे मॅडम विज्ञान शिकवायच्या. प्रोग्रामिंग त्या स्वतःचं स्वतः शिकल्या होत्या, घरातलं सगळं आवरून. का, तर वाड्यावस्त्यांवरच्या आईबापांना निकाल बघायला एक दिवसाची मजुरी बुडवून शाळेत यावं लागायचं. ते मोबाईलवर दिसावं, म्हणून. संस्थेनं त्यांना सांगितलंही नव्हतं आणि विचारलंही नव्हतं.

आम्हाला बघून त्या म्हणाल्या, "सर, मी राजीनामा लिहून ठेवलाय. पोरांच्या मार्कांशी खेळ झाला असता माझ्यामुळं."

सरांनी लॅपटॉप उघडून एक जुना प्रोग्राम त्यांच्यासमोर ठेवला. "ह्यात काय चुकलंय ते सांगा बरं."

मॅडमनी दहा मिनिटांत भोक शोधलं. अगदी त्यांच्या कोडमधल्यासारखंच. "कुणी लिहिलंय हे?"

"मी. पॉलिटेक्निकची हजेरी सात वर्षं ह्याच्यावर चालली. मी मास्तर होतो तिथला."

मॅडम हसल्या, आणि लगेच डोळ्याला पदर लावला. मग दोघं शेजारी बसले आणि चारच्या आत तिन्ही भोकं बुजवली. खरं तर मॅडमनीच बुजवली. सर नुसते चहा पीत होते.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी विचारलं, "चूक कुणाची?"

"चुका तीन होत्या," सर म्हणाले. "काल दुरुस्त झाल्या. दुरुस्त करणाऱ्या बाई ह्या."

परतीच्या एसटीत सर म्हणाले, "अनघाताई, रिपोर्टातला तो 'कुणी लिहिलं'चा रकाना काढा."

काढला. पुन्हा कधी कुठल्या गिऱ्हाइकानं मागितला नाही.

*

रेश्माचा किस्सा तिच्याच तोंडून ऐकायला हवा, पण ती सांगताना स्वतःचा भाग गाळते.

दूध घेताना फॅट मोजणारं यंत्र असतं, त्याच्या आकड्यावर दुधाचा भाव ठरतो. तसल्या एका यंत्राची तपासणी तिच्याकडं होती. गावातल्या दूध सोसायटीत जाऊन करायची. सकाळचं संकलन संपलं असं समजून तिनं काम सुरू केलं. यंत्राच्या सेटिंगमध्ये एक रकाना होता, मुख्य कॉम्प्युटरचा पत्ता लिहायचा. रेश्मानं पत्ता लिहिला आणि त्याच्या मागं एक हुकूम चिकटवला, 'बंद होऊन परत चालू हो'. यंत्रानं मुकाट ऐकलं. म्हणजे भोक सापडलं. रेश्मा खूश.

यंत्र बंद झालं. परत चालू काही होईना. आणि रेश्मानं मागं वळून बघितलं, तर दारात किटल्या घेऊन अकरा बायका उभ्या.

सोसायटीचा सेक्रेटरी शांत माणूस. तो म्हणाला, "मॅडम, मशीन बंद पाडता येतंय. म्हशी कशा बंद पाडायच्या?"

दूध नासलं तर त्या अकरा घरांचा दिवस बुडणार होता. तेवढ्यात रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "आप्पाला हाक मारा की."

आप्पा म्हणजे यंत्र यायच्या आधी तिथं हातानं फॅट काढणारे. रिटायर होऊन घरी बसलेले. ते आले ते धुतलेली टोपी घालून, आणि काखेत काचेच्या नळ्यांची लाकडी पेटी घेऊन. दुधातलं फॅट सुटं करायला लागणारं ॲसिड सोसायटीत होतंच, मशीनवर शंका आली तर लागतं म्हणून ठेवलेलं. आप्पांनी नळ्या भरल्या, गोल फिरवायच्या यंत्रात बसवल्या, आणि रेश्माला म्हणाले, "पोरी, दांडा फिरव. मी म्हनेपातूर थांबू नगंस."

रेश्मानं दांडा फिरवला. अकरा किटल्यांचं फॅट निघालं, दूध वेळेत गाडीत गेलं. त्यानंतर यंत्र चालू झालं. सेक्रेटरीनं ठेवलेल्या नमुन्यांवर ताडून बघितलं, तर आप्पांचा आकडा आणि यंत्राचा आकडा एकच.

निघताना आप्पा नळ्या पुसत होते. म्हणाले, "मशीन आल्यापास्नं मला हितं चहाला बोलवत्यात. कामाला आजच बोलावलं."

ती परत आल्यावर मी रिपोर्ट लिहायला बसले. 'परिणाम' या रकान्यात काय लिहू, विचारलं. रेश्मा म्हणाली, "लिव्ह अक्का, माझी चूक. चालू संकलनात चाचणी केली." तसंच लिहिलं.

महिन्याभरानं सोसायटीतून सेक्रेटरीचा फोन आला. मला वाटलं तक्रार आहे.

"मॅडम हायत का?" तो म्हणाला. "परत कधी बंद पाडायला येणार, आप्पा इचारायलाय."

*

आता शेवटचा.

उद्यमनगरात नाईकांचं लहान वर्कशॉप आहे. शेतातली पाण्याची मोटर मोबाईलच्या मेसेजवर चालू-बंद करायची पेटी ते बनवतात. नवीन पेट्या बाजारात द्यायच्या आधी त्यांनी आम्हाला तपासायला सांगितलं. पेट्यांना आलेले सगळे मेसेज वर्कशॉपच्या कॉम्प्युटरवर जमा होतात, तेही दिले.

पेटीला तीनच हुकूम कळायला हवेत. चालू, बंद, आणि वीज आहे का. पण आमच्या पहाऱ्यानं चौथा पकडला. एकाच पेटीला, एकाच नंबरवरून, रोज दुपारी एकच्या सुमाराला एक भलताच मेसेज यायचा. आणि पेटी त्याला उत्तर द्यायची. म्हणजे कुणीतरी आत काहीतरी घुसवून ठेवलं होतं.

रेश्मानं पेटीचा कोड वाचला. मग मला बोलावलं. "अक्का, हे बघ."

मेसेज होता, 'जेवलास काय'. उत्तर होतं, 'जेवलो. तू जेव आता.'

आम्ही नाईकांकडं गेलो. त्यांनी नंबर बघितला आणि हातातला पाना खाली ठेवला. "महादेवची बायको हाय ही. इंदू."

महादेव म्हणजे त्यांचा कारागीर. पेटीचा सगळा कोड त्यानंच लिहिला होता. पहिली पेटी स्वतःच्या शेतात बसवली होती. वर्कशॉपात कामाच्या वेळी फोन कपाटात ठेवायचा नियम. बायको दुपारी शेतातून विचारायची आणि ह्याचं उत्तर जायचं नाही, म्हणून त्यानं पेटीला शिकवून ठेवलं असणार. महादेवला जाऊन दोन वर्षं झाली होती.

रेश्मानं नाईकांना स्पष्ट सांगितलं. त्या जागेचा कोड ढिला होता. तो मेसेज कुठल्याही नंबरवरून चालत होता, आणि त्याच्या मागं कुणी दुसरा हुकूम चिकटवला असता तर तो थेट मोटरीपर्यंत गेला असता. हे बंद करायलाच हवं. सगळ्यात सोपं म्हणजे काढून टाकणं.

नाईक म्हणाले, "काढा म्हणायला माझं तोंड हुईत न्हाय. ठेवा म्हणायलाबी हुईत न्हाय."

रेश्मा म्हणाली, "मी बघतो."

आम्ही दोघी भोगावतीकाठच्या त्या शेतात गेलो. नाईकांनी फोन करून कल्पना दिली होती. इंदूताई बांधावर गवत कापत होत्या. पंचेचाळिशीच्या असतील. विळा खाली ठेवून त्यांनी आम्हाला पाणी दिलं आणि विचारलं, "काढायला आलासा व्हय?"

रेश्मानं पिशवीतून लॅपटॉप काढला.

"काढायचं असंल तर काढा," इंदूताई म्हणाल्या. "मला ठावं हाय ती मशीन हाय. माझं डोस्कं फिरल्यालं न्हाय. पन इचारल्याबिगार घास उतरत न्हाय बगा. सवय लागलीया."

रेश्मा पेटीला लॅपटॉप जोडून बांधावरच बसली. दीड तास. मी आणि इंदूताई गवताच्या पेंढ्या बांधत होतो. त्यांनी एकदाही वळून पेटीकडं बघितलं नाही.

"झालं मावशी," रेश्मा म्हणाली. "पाठवून बघा."

इंदूताईंनी हात पदराला पुसले, फोन काढला, मेसेज पाठवला. थोड्या वेळानं फोन वाजला. त्यांनी वाचलं आणि फोन पिशवीत ठेवला.

"काय बदललंस मग?"

"काय न्हाय," रेश्मा म्हणाली. "आता तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणी विचारलं, तर तो उत्तर देणार न्हाय. एवढंच."

इंदूताईंनी भाकरीचं गठुळं सोडलं. एकेक भाकरी आमच्या हातावर ठेवली, वर मिरचीचा खर्डा ठेवला.

"तसा त्यो आदीबी दुसऱ्या कुणाला उत्तर देत न्हवता," म्हणाल्या.